भिवराच्या खिडकीतले पान

त्या मुलुखात वारा वेशीतून आत येई आणि त्याच वेशीतून बाहेर जाई, आणि त्यावर सगळ्यांचे जगणे चाले. वारा थांबला असता तर मुलूख थांबला असता. पण तो कधी थांबला नव्हता, म्हणून त्याचा विचार कोणी करीत नसे.

तेव्हा मुलूख लहान होता. आता तो चहूकडे वाढला आहे, रस्ते लांबले आहेत, आणि वेशीपाशी इतके जाणते पहारेकरी बसतात की आत येणाऱ्याची ओळख पटायला वेळ लागत नाही. तरी जुन्या आळ्यांतल्या बायका ‘तेव्हा’ म्हणतात, तेव्हा त्यांना तोच काळ म्हणायचा असतो. रस्ते इतके आखूड होते की एका टोकाला कोणी हसले तर दुसऱ्या टोकाला ऐकू जाई. वरच्या भट्टीची ऊब सगळ्यांना सारखी मिळे. घरे नवी होती, आणि रोज कुठे ना कुठे आणखी एक घर उभे राही.

वेशीतून आत आले की पहिली लागे ती ओली आळी. तिथली जमीन कधी वाळत नसे. तिच्यावर दाट, चिकट पाणी सदैव पसरलेले असे, आणि प्रत्येक घरापुढे लव्हाळ्याची रांग असे. ही लव्हाळी वाऱ्याने डुलत नसत. ती आपल्या मनाने डुलत, सगळी एकाच वेळी, सगळी वेशीच्या दिशेने. बाहेरून धूळ आली, कचरा आला, कोणी आगंतुक आला, तर तो त्या पाण्यात अडके आणि लव्हाळी त्याला हळूहळू ढकलत परत वेशीबाहेर नेत. मुलुखाचे बहुतेक शत्रू असेच, कोणाला न कळता, आल्या वाटेने परत गेले.

त्या मुलुखात प्रत्येक घरात एक चूल होती आणि ती विझू देत नसत. घरात जे शिजे, त्यातले चिमूटभर एका पानावर घालून खिडकीत ठेवायचे, अशी रीत होती. पान खाण्यासाठी नव्हते, दाखवण्यासाठी होते. आमच्या घरात आमचेच शिजते आहे, एवढे त्या पानाने सांगायचे.

ही पाने बघत फिरणाऱ्या बायकांना फिरत्या म्हणत. ओल्या आळीची फिरती हरणा होती. शत्रू कसा दिसतो हे तिला कोणी शिकवले नव्हते, आणि तिला चेहरे लक्षातही राहत नसत. तिला एवढेच ठाऊक होते, की खिडकीत पान दिसले की हात खाली घ्यायचा आणि पुढे जायचे. पान दिसले नाही, तर ते घर मिटवायचे. मिटवणे म्हणजे फोडणे नव्हे. प्रत्येक घराला मधोमध एक खांब असे, आणि त्या खांबाला नेमक्या जागी रेटा दिला की घर लाजाळूच्या पानासारखे आतल्या आत मिटे. त्यातले काही बाहेर सांडत नसे. हरणाने अशी घरे मिटवली होती, म्हातारी, बिघडलेली, ज्यांच्यात आता कोणी धड नव्हते अशी. तिला त्याचे फार काही वाटत नसे. काम होते.

आळीच्या वळणावर भिवराचे घर होते. भिवरा बोलकी होती, हाताने सढळ होती, आणि तिच्या चुलीचा वास वळण यायच्या आधीच येई. ती पानावर चिमूटभर कधी ठेवत नसे, चांगले बोटभर ठेवी. फिरत्यांनी पान चाखू नये असा दंडक होता. हरणा भिवराच्या खिडकीशी आली की इकडे तिकडे बघे आणि थोडेसे तोंडात टाकी. भिवरा आत उभी राहून वाट बघत असे.

“कसं झालंय?”

“मीठ जास्त पडलंय.”

“तुझ्या जिभेला सवय नाही, त्याला मी काय करू?”

मीठ खरोखरच जास्त असे. भिवराचा हात मिठाला जड होता आणि तो हलका करावा असे तिला कधी वाटले नाही. एवढे बोलून हरणा पुढे जाई. आळीतल्या बायकांना हे बोलणे इतके पाठ झाले होते की एखाद्या दिवशी हरणाला यायला उशीर झाला, तर शेजारची ठकू आपल्या दारातून हरणाचे वाक्य म्हणून दाखवी आणि भिवरा हसे. ठकूचे घर तेव्हा अगदी नवे होते. भिवरा तिला शिकवीत असे, निखारा कसा जपायचा, पाणी किती धरायचे, आणि आढ्याला हिरव्या निर्गुडीची जुडी का बांधून ठेवायची.

“ती कधी वापरावी न लागो,” भिवरा तिला म्हणाली होती. “पण बांधून ठेव.”

पाहुणे आले ते थंडीच्या दिवसांत. बाहेरचा वारा इतका गार होता की लव्हाळी आखडली आणि त्यांचे डुलणे मंदावले. एरवी ज्यांना पाण्याने अडवून परत लावले असते, त्यांच्यातले काही त्या दिवशी आळीपर्यंत पोचले.

त्यांना बिनचुलीचे म्हणत, कारण त्यांना घर नव्हते, चूल नव्हती, आणि भूकही नव्हती. वाटेवर पडलेले असले तर ते धुळीसारखे दिसत, मेलेले म्हणावे तर मेलेले नाहीत, जिवंत म्हणावे तर जिवंत नाहीत. अंगावर एक शाल असे, सुंदर विणलेली, टोकाटोकाला गोंडे असलेली. शालीच्या आत माणूस नसे. एक पाककृती असे. तेवढी एकच त्यांना येत असे, आणि ती रांधायला दुसऱ्याची चूल लागे.

त्यातला एक भिवराच्या दाराशी आला. त्याने दार वाजवले ते नेमके माहेरच्या माणसासारखे, ओळखीच्या बोटांनी, ओळखीच्या ठेक्यात. माहेराहून आलो म्हणून त्याने सांगितले. माहेरच्या माणसाला कोण दाराबाहेर ठेवील? भिवराने दार उघडले, पाट मांडला, पाणी पुढे केले. त्याने पाणी घेतले नाही. तो चुलीजवळ बसला, त्याची शाल आपोआप गळून पडली, आणि आतली पाककृती हलक्या आवाजात गुणगुणू लागली.

भिवराला पहिल्यांदा कळले ते आपल्या हातांवरून. तिने भाजीसाठी हात पुढे केला होता आणि हाताने दुसरेच काही उचलले. मग उजवा हात मळू लागला, थापू लागला, ती सांगत नसताना. चुलीवर जे तयार होत होते ते तिने जन्मात केले नव्हते. पहिला घाणा उतरला तेव्हा तिने पाहिले, की त्या भांड्यातून लहान लहान शाली बाहेर येत आहेत, आणि प्रत्येक शालीच्या आत तेच गुणगुणणे आहे.

डावा हात अजून तिचा होता. तिने तो वर केला, आढ्याची निर्गुडीची जुडी ओढली आणि चुलीत घातली.

त्या धुराची गोष्ट अशी, की तो ज्या घरातून निघतो त्या घराचे त्याने काहीच भले होत नाही. पाहुण्याला तो झोंबत नाही, हात परत मिळत नाहीत. तो फक्त शेजाऱ्यांना दिसतो. भिवराला हे ठाऊक होते. ठकूला तिनेच ते शिकवले होते.

धूर पाहून ठकू मागच्या दाराशी धावत आली. भिवराने आतूनच तिला थांबवले.

“पुढं येऊ नकोस. चूल विझव. आळीत सगळ्यांना सांग, चुली विझवा, काही रांधू नका. आणि ठकू, मी हाक मारली तरी दार उघडू नको. माझा आवाज असला तरी.”

ठकूने विचारले, अक्का, आणि तुझे काय? भिवरा म्हणाली, पाणी ओत, नुसती राख घालून भागायचं नाही.

चूल विझवणे त्या मुलुखात अशुभ मानत. ठकूने आपल्या चुलीवर पाणी ओतले तेव्हा ती रडत होती, आणि तिच्या घरात जे जे अर्धवट शिजले होते ते तसेच राहिले. धूर वळणावरून आळीभर पसरला. एकामागून एक चुली विझल्या. खिडक्यांतली पाने मात्र बायकांनी जास्त ठळक ठेवली, सकाळचेच उरलेले त्यांच्यावर नीट मांडून, म्हणजे फिरत्यांची चूक होऊ नये. आळी उपाशी बसली.

पाहुणा असे धूर अनेक मुलुखांत बघून आला होता. कोण येणार आणि येऊन काय बघणार, हे त्याला माहीत होते. त्याने गुणगुणण्यात एक ओळ वाढवली. भिवराच्या हातांनी एक ताजे पान घेतले, त्यावर तिच्याच घरचे वाटावे असे काहीतरी ठेवले, बोटभर, रोजच्यासारखे, आणि ते पान खिडकीत मांडले.

धुराच्या वासाने फिरत्या धावत आल्या. भिवराच्या खिडकीत त्यांना पान दिसले. दंडक साधा होता. त्यांचे हात खाली आले आणि त्या पुढच्या घरांकडे वळल्या.

हरणाचाही हात खाली आला. ती खिडकीशी उभी राहिली, आणि दंडक मोडून जे ती रोज करी ते तिने केले. पानावरचे थोडेसे तोंडात टाकले.

ते अळणी होते.

हरणाने वर पाहिले. भिवरा आत उभी होती. तिचे दोन्ही हात तिच्याकडे न बघता काम करत होते, एक मळत होता, एक थापत होता. तिच्या मागे भिंतीपर्यंत शाली रचलेल्या होत्या.

“मीठ?” हरणाने विचारले.

“घातलं नाही,” भिवरा म्हणाली. “बाकी सगळं त्यानं करून घेतलं. मीठ घालायचं त्याला ठाऊक नव्हतं आणि मी सांगितलं नाही. तुझ्याशिवाय कुणाला कळणार होतं ते?”

हरणाचा हात अजून खालीच होता. पान समोर होते. पान असताना तिने कधीही घर मिटवले नव्हते, आणि या खिडकीपुढे उभे राहून काही करायचे असते हेच तिच्या हाताला माहीत नव्हते. ती म्हणाली, की आपण थांबू, वरून कोणीतरी येईल, काही औषध असेल. भिवराने मान हलवली.

“मागची भिंत कच्ची झालीय, हरणा. आणखी एक घाणा निघाला की फुटेल. मग हे सगळे ठकूच्या दारात. मिटव. पण त्या भिंतीला हात लावू नको, पुढच्या बाजूनं खांबाला रेट.”

“तुला…”

“मला हात नाहीत आता. तू आहेस तर तुझ्या हातानं होऊ दे.”

हरणा आत गेली. शाली तिच्या पायांत आल्या, पण फिरतीला घर नसते, चूल नसते, म्हणून त्यांना तिच्याकडून काही नको होते. तिने खांबावर तळवा ठेवला, पुढच्या बाजूने, सांगितले होते तसा. आळीतल्या लोकांना आवाज आला नाही. धूर निघत होता तो थांबला, एवढेच दिसले. वळणावर घर होते तिथे एक मिटलेली घडी होती, आणि तिच्यातून काही सांडले नव्हते.

ती घडी उचलायला सटवाजी आला. सटवाजी म्हातारा होता, आळीतच राहायचा, आणि पडले-झडलेले सगळे खाऊन साफ करायचा, म्हणून पोरेटोरे त्याला खादाड म्हणत. त्याने भिवराचे घर दोन्ही हातांनी कवेत घेतले. घेताना एका शालीचा तुकडा त्याने बाजूला काढला आणि सगुणाकडे दिला. सगुणा लांब हातांची बाई होती, आळीतल्या बातम्या डोंगरावरच्या गढीत पोचवण्याचे काम तिचे. हा तुकडा गढीत दाखव, सटवाजी तिला म्हणाला, आणि त्यांना सांग की वेळ लावू नका. गढीतले लोक वेळ लावणार, हे दोघांनाही ठाऊक होते. तिथे एकेका शिपायाला तो तुकडा दाखवत आणि विचारत, तू याला ओळखशील का? ज्याच्या हाताला ते विणकाम ओळखू येई त्यालाच शिकवून तयार करत, आणि मग त्याच्यासारखे आणखी. चूक करून त्यांना चालणार नव्हते. तोवर आळीने तगायचे होते.

भिवराच्या घराखेरीज वेशीजवळ आणखीही दारे वाजली होती, आणि सगळ्यांनीच वेळेवर निर्गुडी जाळली नव्हती. काही घरे फुटली. मग सटवाजीने वर भट्टीवाल्यांना निरोप पाठवला, आणि त्यांनी आच वाढवली. ते दिवस मुलुखात अजून कोणी विसरलेले नाही. मुलुखभर वाहणारी नदी तापली. तिच्यातून उतरून आलेले तरुण गडी रस्त्यांत दाटले, आळी त्यांनी सुजली, त्यांच्यातले कितीतरी जण धावत आले आणि तिथेच पडले, आणि त्यांची नावेही कोणाला विचारता आली नाहीत. लव्हाळी माना टाकून पडली. उष्णतेने पाहुण्यांचे गुणगुणणे अडखळू लागले हे खरे, पण घरातल्या माणसांनाही धड उभे राहवेना. उपाशी, तहानलेली, विझलेल्या चुलीपुढे सगळी पडून होती.

अशाच एका दिवशी ठकूचे दार वाजले. माहेरच्या बोटांनी, माहेरच्या ठेक्यात. ठकूने उघडले नाही. मग आवाज आला तो भिवराचा. ठकू, अगं मी, असे तो म्हणाला. ठकूने कानावर हात दाबले आणि ती भिंतीकडे तोंड करून बसली. पण तिचे घर नवे होते आणि फटी पुरत्या लिंपल्या नव्हत्या. पाहुणा फटीतून आला. तो चुलीजवळ बसला, शाल गळाली, गुणगुणणे सुरू झाले. ठकूचे हात आपोआप चुलीकडे गेले. चुलीत ओली राख होती. हातांनी राख उकरली, फुंकर घातली, पुन्हा उकरली. ठिणगी नव्हती. पाहुणा तेच तेच गुणगुणत राहिला, आधी मोठ्याने, मग अडखळत, आणि शेवटी ते नुसते कुजबुजणे झाले आणि थांबले. ठकूला तिचे हात परत मिळाले. ते कोपरापर्यंत राखेने माखले होते.

नंतर केव्हातरी गढीतून शिपाई उतरले. ते एकसारखे होते, एकाच कामासाठी घडवलेले, आणि त्या शालीचे विणकाम त्यांच्या बोटांना पाठ होते. त्यांनी उरलेला एकही पाहुणा सुटू दिला नाही. मुलुखाने त्यांचा मोठा गौरव केला. त्यांच्यातले काही कायमचे वेशीपाशी ठेवून घेतले, आणि त्या विणकामाची शाल पुन्हा कधी आळीत आली नाही. त्यांच्यावर गाणी झाली, ती अजून म्हणतात. त्यांत हरणाचे नाव नाही. सटवाजीचेही नाही.

ठकूने एकदा हरणाला वळणावर गाठले होते. अक्का शेवटी काय म्हणाली, असे तिने विचारले. हरणाने मिठाचे सांगितले, मागच्या भिंतीचे सांगितले.

“मला चेहरे राहत नाहीत लक्षात,” ती म्हणाली. “तिचाही जाईल. चव राहील बहुतेक.”

फिरत्यांचे आयुष्य फार नसते. एके दिवशी हरणा नदीकडे गेली आणि तिच्या फेरीवर दुसरी कोणी आली. वळणावरच्या जागी ठकूच्याच घरातून वाढलेले नवे घर उभे राहिले. चांगले घर होते, खिडकीत पान नीट असे. ओल्या आळीत आता अशी कितीतरी घरे होऊन गेली आहेत, आणि भिवराचे वळण नक्की कोणते हे दाखवायला कोणी उरलेले नाही. तरीही बायका सांगतात, की त्या दिवसांत वळण यायच्या आधी वास येई.

पण हे सगळे फार पुढचे.

ज्या सकाळी भट्टीवाल्यांनी आच उतरवली, त्या सकाळी मुलुखाच्या सगळ्या भिंतींतून पाणी पाझरले आणि सगळे एकदम गार झाले. लव्हाळी एकेक करून उभी राहिली. ठकूने चूल पेटवली. वारा आत आला, बाहेर गेला, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्याला वाटेत कुठे घरघर लागली नाही. इतक्यात मुलुखाच्या अगदी वरच्या टोकावर कशाची तरी रुंद, थंड सावली उतरली, क्षणभर टेकून राहिली आणि निघून गेली. फार दूरवर कोणीतरी सुटकेचा श्वास टाकला. आणि सगळा मुलूख अंथरुणावर उठून बसला, आणि त्याने मेतकूट-भात मागितला.